दाखल आणि दाखवणे

गोंदियात ‘शीट’ हा शब्द संगणकाच्या कितीतरी आधी आला. शहराच्या जुन्या वस्तीतल्या एखाद्या घराचे खरेदीखत उघडून पाहा. चतुःसीमा सुरू होण्याआधीच ‘नझूल शीट क्रमांक अमुक, प्लॉट क्रमांक तमुक’ अशी ओळ येते. भूमापनवाल्यांनी शहराचे तुकडे पाडून ते मोठ्या तावांवर उतरवले, त्या तावांना शीट म्हटले, आणि पुढे घराची ओळखच तावाच्या क्रमांकाने सांगायची रीत पडली. पुणेकर सिटी सर्व्हे नंबर सांगतो, विदर्भातला माणूस शीट नंबर सांगतो.

आज त्याच शहरातल्या वास्तुविशारदांच्या कार्यालयांत शीट हा शब्द दिवसभर ऐकू येतो, पण ती शीट पडद्यावरची. ‘ही शीट नगरपरिषदेच्या सेटमध्ये नको.’ ‘बँकेच्या सेटला ती ऑन ठेव.’ ‘लिस्टमधून काढलीस, पण फाइलमध्ये आहे ना?’ या तिसऱ्या प्रश्नापाशी मला थांबावेसे वाटते. यादीत न दिसणारा नकाशा फाइलमध्ये शाबूत असू शकतो, हे विचारणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. असणे निराळे, दिसणे निराळे. मराठीने हा भेद फार पूर्वीपासून शब्दांत सांभाळला आहे, आणि ते शब्द आपल्या अर्जांवर, शिक्क्यांवर रोज उमटत असतात.

काम काय असते ते आधी पाहू. गोंदिया हा धानाचा जिल्हा. उसना तांदूळ काढणारी एखादी राइस मिल उभी करायची म्हटली, तर एकाच इमारतीचे नकाशे किती दारी जातात पाहा. बांधकाम परवानगीसाठी नियोजन प्राधिकरणाकडे. कारखान्यांच्या कायद्याखाली नकाशे मंजूर करून घ्यायला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. धान उकडायला बॉयलर लागतो, त्याच्या नोंदणीसाठी बाष्पके संचालनालयाकडे. मग अग्निशमनाचा ना-हरकत दाखला, बँकेचे कर्ज, वीजजोडणी, ठेकेदार, आणि सगळ्यांत शेवटी प्रत्यक्ष भिंत उचलणारा मिस्त्री. (इथला ‘उसना’ म्हणजे उकडा तांदूळ. उसन्या पैशांशी त्याचे काही नाते नाही. तो उकडण्याचा शब्द हिंदीतून आला आहे.)

या प्रत्येकाला सगळे नकाशे नको असतात. बँकेला पायातल्या सळ्यांचा तपशील देऊन उपयोग नाही. मिस्त्रीला सळ्यांचा तपशील हवाच, पण चटईक्षेत्राच्या हिशेबाचा तक्ता त्याच्या कामाचा नाही. बाष्पकेवाल्यांना बॉयलरघर, धुराडे आणि आजूबाजूची मोकळी जागा पाहायची असते. म्हणजे इमारत एक, नकाशांचा गठ्ठा एक, आणि त्यातून दरवेळी निराळा संच काढायचा. पूर्वी हे हाताने होई. ट्रेसिंगच्या गुंडाळीतून हवे ते ताव काढून अमोनिया प्रिंट मारायची. जे मारले नाही ते कपाटात राहिले. त्याही आधी निळ्या पाठीवर पांढऱ्या रेघा उमटवणारी ब्लूप्रिंट होती. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेल्या छापण्याच्या रीतीवर ती उभी होती. १९८२ मध्ये ऑटोकॅड ही संगणकावर नकाशे काढण्याची प्रणाली आली आणि कागदाऐवजी लेयर बंद-चालू होऊ लागले. २००० साली रेव्हिट बाजारात आले. ‘सुधारून घे’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून ते नाव केलेले आहे. त्यात सगळे नकाशे एकाच प्रतिकृतीतून निघतात, आणि प्रत्येक शीटच्या माहितीत एक चौकट असते: नकाशांच्या यादीत ही शीट दिसावी की नाही. टिचकी मारली की दिसली, काढली की गेली. शीट मात्र जागेवरच असते.

एकच संच काढायचा असेल तर ही एक चौकट पुरते. राइस मिलसारख्या कामात पुरत नाही. म्हणून जाणते ड्राफ्ट्समन प्रत्येक संचासाठी ‘होय-नाही’चा एकेक रकाना करतात: एक नगरपरिषदेचा, एक कारखान्याच्या मंजुरीचा, एक बँकेचा, एक साइटचा. मग ज्या संचाची यादी हवी त्या रकान्यात ‘होय’ असलेल्याच शीट यादीत याव्यात अशी चाळणी लावतात. रीत साधी आहे. पण रकान्यांना काय नाव द्यायचे, इथे गाडी अडते. इंग्रजीत ‘इश्यू’, ‘सबमिशन’, ‘हाइड’, ‘शो’ असे शब्द समोर असतात आणि ते जसेच्या तसे वापरले जातात. म्हणून आपल्या शब्दांची कुळे पाहण्याची ही खटपट.

पहिला शब्द नकाशा. अरबीत ‘नक्श’ म्हणजे कोरणे, चितारणे. फारसीतून तो मराठीत आला आणि त्याचे दोन धागे झाले: एक नक्षी, दुसरा नकाशा. साडीच्या काठावरची नक्षी आणि घराचा नकाशा ही सख्खी भावंडे आहेत. मराठीने मध्ये एक ‘का’ लांबवून उच्चार सैल केला. हिंदीने नक्शा घट्टच ठेवला. गोंदिया मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन्हींच्या सीमेवर, त्यामुळे इथे दोन्ही रूपे एकाच वाक्यात ऐकू येतात. रस्त्यावरचा माणूस ‘नक्शा पास झाला का?’ असे विचारतो, आणि त्याच्या हातातल्या कागदावर ‘नकाशा मंजूर’ असे लिहिलेले असते. एखाद्याचा तोरा उतरला तर आपण त्याचा ‘नक्षा उतरला’ म्हणतो. तोही याच घराण्यातला.

संच हा संस्कृत घराण्यातला. ‘सम्’ म्हणजे एकत्र आणि ‘चि’ म्हणजे रचणे, एकावर एक मांडणे. संचय, संचित हे त्याचे जवळचे. पण ‘चि’ धातूचा मूळ व्यवहार बांधकामाचाच होता. यज्ञवेदी विटा रचून उभी करत, त्याला चयन म्हणत. चिता, चैत्य हे त्याच रचण्यातून आले, आणि भिंतीत चिणणे हेही. नकाशांचा संच हे बांधकामवाल्यांच्या तोंडी शोभणारे नाव आहे, कारण त्या शब्दाच्या पोटातच रचलेल्या विटा आहेत. ‘सेट’ म्हणताना ही आठवण येत नाही, कारण ती त्या शब्दात नाहीच.

आता खरे शब्द. आपण अर्ज ‘दाखल’ करतो. अरबीत ‘दख्ल’ म्हणजे आत येणे, प्रवेश. रुग्णालयात माणूस दाखल होतो, न्यायालयात दावा दाखल होतो, शाळेत मुलाचे नाव दाखल होते. ज्याच्या योगे आत घेतले जाते तो दाखला. एखाद्याच्या म्हणण्याला मनात प्रवेश दिला तर त्याची दखल घेतली. हे सगळे एका दारातून आलेले शब्द आहेत आणि त्या सगळ्यांत दार आहे: बाहेरचे आत आले.

‘दाखवणे’ याच्या शेजारी ठेवले की कान म्हणतो, हाही त्यांच्यातलाच. तो नाही. दाखवणे हा आपल्या घरचा जुना शब्द. संस्कृतातल्या ‘दृश्’ म्हणजे पाहणे या धातूपासून प्राकृतात ‘दक्खइ’ (पाहतो) आणि ‘दक्खवइ’ (दाखवतो) अशी रूपे झाली आणि त्यातून मराठीचे दाखवणे उतरले. दिसणे त्याच धातूचे, संस्कृत दृश्यते, प्राकृत दिस्सइ या वाटेने आलेले. देखणे त्यांचाच सोयरा. त्यामुळे सेतू केंद्राच्या खिडकीवरचा माणूस जेव्हा ‘दाखला दाखवा’ म्हणतो, तेव्हा त्या दोन शब्दांत एकाच उच्चाराच्या दोन अगदी परक्या वंशावळी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. एक अरबस्तानातून निघून फारसीमार्गे दख्खनमध्ये पोचली, दुसरी इथेच वाढली. एकीत प्रवेश आहे, दुसरीत नजर आहे.

नकाशांच्या संचांची सगळी अडचण या दोन शब्दांच्या मधल्या फटीत बसते. शीट फाइलमध्ये दाखल आहे. या संचात दाखवलेली नाही. ड्राफ्ट्समनचा ‘फाइलमध्ये आहे ना?’ हा प्रश्न मराठीत ‘दाखल आहे ना?’ इतका नेमका विचारता येतो. अमराठी संगणकप्रणालीत जो भेद समजवायला दोन चौकटी आणि एक चाळणी लागते, तो आपल्याकडे दोन क्रियापदांत आहे.

तिसरा शब्द सादर. प्रस्ताव सादर करणे, नकाशे सादर करणे. ऐकणाऱ्याला वाटते स + आदर, म्हणजे आदरपूर्वक पुढे ठेवणे. तसा संस्कृत शब्द आहेच, ‘सादर प्रणाम’मध्ये तोच असतो. पण कचेरीतल्या ‘सादर’मागे अरबी ‘सादिर’ उभा आहे: निघालेला, सुटलेला. पेशवाईतल्या कागदांत आज्ञा सादर होत, सनदा सादर होत. म्हणजे तेव्हा ‘सादर’ वरून खाली येई. सरकारातून निघे आणि रयतेकडे पोचे. आज आपण ते खालून वर नेतो. नागरिकाकडून निघते आणि सरकारच्या टेबलावर पोचते. शब्द तोच राहिला, त्याची दिशा उलटली. संस्कृतातल्या आदराने अरबी निघण्याला आपल्याकडे वळवून घेतले असे मला वाटते, आणि हे वळण मला आवडते.

मग मंजूर. या शब्दासाठी मी हा सगळा लेख लिहिला असता. अरबीत ‘नजर’ म्हणजे पाहणे, आणि ‘मन्झूर’ म्हणजे पाहिलेले, नजरेखालून गेलेले. मंजूर नकाशा म्हणजे, मुळार्थाने, पाहिलेला नकाशा. मान्यता, संमती हे अर्थ त्यावर नंतर चढले: ज्यावर साहेबांची नजर पडली ते चालले. जिल्हा कचेरीत आणि न्यायालयात ‘नाझर’ नावाचे पद असते, तोही याच नजरेचा माणूस, पाहणारा, देखरेख ठेवणारा. (नजराणा मात्र या कुळातला नाही. तो अरबी ‘नज्र’ म्हणजे नवस, अर्पण यातून आला. उच्चारात दोघे एकमेकांत मिसळले आणि नजर चुकवून नजराणा द्यायची सोय झाली हे मराठीचे दुर्दैव.)

मंजूर म्हणजे पाहिलेले, एवढे लक्षात घेतले तर एक कायदेशीर गोष्ट उघड होते. जे दाखवलेच नाही ते मंजूर होऊ शकत नाही. नगरपरिषदेच्या संचात जी शीट बंद ठेवली, तिच्यावर शिक्का उमटलेला नाही, मग फाइलमध्ये ती दहा वर्षे का दाखल असेना. पोटमाळ्याचा नकाशा बंद ठेवून परवानगी घेतली आणि पोटमाळा बांधला, तर तो शब्दशः नामंजूर आहे: कुणी पाहिलेला नाही.

शिक्क्याचेही दोन शब्द सांगतो. ‘शिक्कामोर्तब’मधला मोर्तब अरबी ‘मुरत्तब’ म्हणजे रचून, क्रमाने लावून पूर्ण केलेला. जुन्या पत्रांच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ असा ठसा असे, अर्थ एवढाच की मजकूर पूर्ण झाला, आता खाली कुणी काही वाढवू नये. नकाशांचा संच एकदा सादर केला की त्यातली एकही शीट गुपचूप बदलायची नाही, सुधारित नकाशा काढायचा तर नव्या आवृत्तीच्या क्रमांकाने काढायचा, ही आजची शिस्त त्या दोन शब्दांत तेव्हाच होती.

इथे मला भवभूतीकडे जायचे आहे, आणि त्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. आठव्या शतकातल्या या नाटककाराने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत आपले गाव पद्मपूर सांगितले आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ते आमगावजवळचे पदमपूर असे निश्चित केले. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते; १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि भवभूती गोंदियाचा झाला. आमगावच्या महाविद्यालयाला त्याचेच नाव आहे.

त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाचा पहिला अंक चित्रदर्शनाचा म्हणून ओळखला जातो. राज्याभिषेक होऊन गेला आहे, सीता गरोदर आहे, तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण तिला आणि रामाला चित्रवीथीत नेतो. चित्रकाराने त्यांचे सगळे आयुष्य भिंतीवर चितारलेले आहे. राम पहिला प्रश्न करतो तो हाच की कुठपर्यंत. लक्ष्मण सांगतो, अग्निशुद्धीपर्यंत. म्हणजे संचाची व्याप्ती आधी विचारून घेतली गेली. मग एकेक चित्र पुढे येते आणि भवभूतीचे खरे कसब दिसू लागते. मिथिलेच्या लग्नाच्या चित्रात सीता एका वधूकडे बोट करून विचारते, ही कोण? ती ऊर्मिला आहे, लक्ष्मणाचीच बायको. तो लाजतो आणि उत्तर न देता पुढच्या चित्राकडे वळवतो. परशुरामाचे चित्र येते, लक्ष्मण रामाच्या पराक्रमाचे वर्णन करू लागतो, तर राम त्याला थांबवून पुढे चल म्हणतो. स्वतःची स्तुती त्याला नको आहे. मग मंथरा येते. राम त्या चित्राबद्दल अवाक्षरही काढत नाही, थेट शृंगवेरपुरातल्या झाडाकडे बोट करतो. लक्ष्मणाच्या लक्षात येते की मधल्या आईची, कैकेयीची, सगळी हकिकत आर्याने गाळली. ती गाळण्यासाठी भवभूतीने ‘अन्तरित’ हा शब्द वापरला आहे.

अन्तरित म्हणजे मध्ये काहीतरी आणून दृष्टीआड केलेले. चित्र भिंतीवर तसेच आहे, कुणी खरवडले नाही. या पाहणाऱ्यांपुरते, या वेळेपुरते ते झाकले गेले. पडद्यावरच्या शीटची चौकट काढणे म्हणजे नेमके हेच. मराठीने या शब्दाचे दोन अवशेष ठेवले. एक ‘अंतरणे’: एखादा जिवलग अंतरला की तो दुरावला, हातून गेला. दुसरा अंतरपाट. लग्नात वधूवरांच्या मध्ये धरलेले ते वस्त्र. दोघेही तिथे हजर आहेत, सगळ्या मांडवाला दिसत आहेत, फक्त एकमेकांना दिसत नाहीत, आणि तेही मुहूर्ताच्या घटकेपर्यंतच. संचागणिक शीट झाकणे-उघडणे याला इतके अचूक चित्र दुसरे मला सुचत नाही: दाखल आहे, कुणाला दिसते आहे, कुणाला अजून नाही.

पण रामाचे गाळणे आणि परवानगीच्या संचातले गाळणे यांत एक मोठा फरक आहे, आणि इथे शब्द जपून वापरायला हवेत. चित्रवीथीत पाहणाऱ्या तिघांनाही कथा पाठ होती. कैकेयीची हकिकत ओलांडली तरी कुणाचे काही चुकले नाही. उलट गाळण्यातूनच रामाचा मोठेपणा दिसला. परवानगी देणाऱ्याला मात्र तुम्ही दाखवाल तेवढेच ठाऊक असते. म्हणून ‘हाइड’ या एका इंग्रजी शब्दाखाली मराठीत जी निरनिराळी क्रियापदे येतात ती एक करून चालणार नाही. लपवणे म्हणजे कळू नये म्हणून आड करणे. त्यात हेतू आहे आणि तो चांगला नाही. झाकणे म्हणजे रक्षणासाठी किंवा लाजेसाठी वर काही घेणे. गाळणे म्हणजे नको ते खाली सोडून हवे ते ठेवणे, चहा गाळतो तसे. आणि वगळणे म्हणजे ठरवून, सांगून बाजूला ठेवणे. सरकारी मराठीत ‘वगळून’ हा शब्द नेहमी जाहीरपणे येतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभर लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली बृहन्मुंबई आणि इतर काही क्षेत्रे वगळून आहे, आणि हे वगळणे सगळ्यांना माहीत आहे. संचातून शीट वगळावी, लपवू नये. माझ्या मते या सगळ्या विषयातला नैतिक भाग एवढाच आहे आणि तो मराठीत एका क्रियापदाने सांगता येतो.

याची दुसरी बाजू अधिकाऱ्याकडे असते, तिचे नाव छाननी. छानणे म्हणजेही गाळणेच, चाळणे. नकाशे देणारा आधी गाळतो, घेणारा नंतर छानतो. राइस मिलच्या जिल्ह्यात चाळण्याचे महत्त्व कुणाला सांगायला नको: कोंडा, कणी आणि अख्खा दाणा वेगळा झाल्याशिवाय भरडाई पुरी होत नाही.

वगळणे चुकले तर काय होते, ते एका भिंतीपुरते सांगतो. जुन्या कवेलूच्या घराला मागून दोन खोल्या काढायच्या आहेत. परवानगीच्या नकाशात रंगांचे संकेत ठरलेले असतात: पाडायचे बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांनी, नवे लाल भरून, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेघेने, पाण्याची वाहिनी बारीक काळ्या तुटक रेघेने. मागची एक भिंत पाडायची म्हणून ती पिवळी आहे. आता हाच नकाशा साइटच्या संचात गेला आणि साइटवर रंगीत प्रिंटऐवजी काळी-पांढरी प्रत पोचली, तर पिवळ्या तिरप्या रेघा आणि विटांच्या भिंतीच्या तिरप्या रेघा यांत मिस्त्रीला फरक दिसत नाही. तो ती भिंत जपून ठेवतो आणि नवी भिंत तिला भिडवतो. नगरपरिषदेला दाखवायलाच हवी ती पिवळी भिंत मिस्त्रीच्या संचात दिसायला नको होती. त्याला पाडण्याचा निराळा नकाशा हवा होता. चूक मिस्त्रीची नाही, संच काढणाऱ्याची आहे. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’पासून आला आहे, अर्थ गुरू, आपल्या कलेतला उस्ताद. त्याच्या हातात चुकीचा ताव देणे हा त्या शब्दाचाही अपमान आहे.

आता उलटी गोष्ट. रेव्हिटमध्ये अशीही सोय आहे की शीट अस्तित्वातच नाही, पण यादीत तिची ओळ आहे. संरचना अभियंत्याचे किंवा विजेच्या सल्लागाराचे नकाशे दुसऱ्या फाइलमध्ये बनतात, पण संचाच्या यादीत त्यांचे क्रमांक तर हवेत, म्हणून नुसती ओळ घालून जागा धरून ठेवतात. दाखल नाही, तरी दाखवलेली. तिला मी ‘राखीव ओळ’ म्हणेन. राखणे, रक्षण, रखवाली एकाच घरची, आणि राखीव हा शब्द रेल्वेच्या डब्यापासून वनापर्यंत सगळ्यांना कळतो. नागझिऱ्याच्या अभयारण्याशेजारच्या माणसाला तर नक्कीच.

यादी या शब्दाकडेही पाहा. फारसीत ‘याद’ म्हणजे आठवण. यादी म्हणजे आठवणीसाठी लिहिलेले. यादीतून गेले ते विसरले जाते, हे त्या शब्दातच आहे, आणि कार्यालयांत नेमके तेच घडते. तात्पुरती टिचकी काढलेली शीट सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही, कारण ती आठवणीतूनच काढलेली असते. म्हणून संचाची यादी एक आणि फाइलमधल्या सगळ्या शीटची पूर्ण यादी दुसरी, अशा दोन याद्या ठेवाव्यात. पहिली बाहेर जाते, दुसरी घरी राहते.

सुरुवातीच्या नझूल शीटचे राहिले. नझूल हा अरबी ‘नुझूल’, उतरणे, खाली येणे. शेवटी सरकारकडे उतरलेली जमीन ती नझूल. त्याच धातूतून ‘मंझिल’ झाला, म्हणजे उतरण्याची जागा, प्रवासाचा मुक्काम. मराठीने त्यातून दोन शब्द काढले: मजल दरमजल करीत चालणारी मजल, आणि घराचा मजला. त्यामुळे गोंदियातल्या एखाद्या घराच्या पहिल्या शीटवर, वर डावीकडे ‘नझूल शीट’ आणि खाली ‘तळमजल्याचा नकाशा’ असे छापलेले असते, तेव्हा दोन्ही ठिकाणी एकच धातू बसलेला असतो. इथल्या वस्त्यांनाही नकाशावरूनच नाव पडते: नागपूरपासून गोंदियापर्यंत नव्या वसाहतीला ‘ले-आउट’ म्हणतात, आणि ऑटोकॅडमध्ये छपाईचा ताव जिथे मांडतात त्या पानाचेही नाव लेआउटच आहे. तो शब्द आता इथल्या मातीचा झाला आहे, त्याला हाकलायचे कारण मला दिसत नाही.

हेच मी शीटबद्दल म्हणेन. जुन्या खरेदीखतांत रुळलेला शब्द बदलून ‘पत्रक’ करायला जाऊ नये. संगणकाची माहिती देवनागरीत लिहायला युनिकोडचा फाँट पुरतो. ऑनलाइन छाननीसाठी जी लेयरची नावे ठरवून दिलेली आहेत ती तशीच इंग्रजी ठेवावी लागतात, तिथे हट्ट चालत नाही. पण आपल्या कार्यालयातले रकाने आपले आहेत. ‘इश्यू’ऐवजी सादर, ‘सेट’ऐवजी संच, ‘इन लिस्ट’ऐवजी यादीत, ‘हाइड’ऐवजी वगळलेले, आणि नुसती जागा धरलेल्या ओळीला राखीव, एवढे पाच शब्द पुरतात. पाचही शब्द मिल-मालकाला, मिस्त्रीला आणि नगरपरिषदेच्या लिपिकाला न समजावता कळतात.

गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी इथल्या वास्तुविशारदांना, अभियंत्यांना आणि ड्राफ्ट्समनना माझी एक विनंती आहे. पुढचा संच सादर कराल तेव्हा पहिल्या शीटवरच्या यादीखाली आणखी एक ओळ घाला: ‘या संचातून वगळलेले नकाशे’, आणि त्यांचे क्रमांक लिहा. संच कुणाच्याही टेबलावर गेला तरी त्याला दाखल काय आहे आणि दाखवले काय आहे, हे दोन्ही वाचता येईल.